दुसरी पाचवी

१

विळा दाराच्या चौकटीला टेकवून ठेवला होता. मूठ घराकडे, पातं रस्त्याकडे. पात्यावर हळदीचं बोट ओढलेलं. शेजारी पळसाच्या पानांचा द्रोण आणि त्यात दोन घोट दूध.

देवळाली कॅम्पातल्या त्या गल्लीत सकाळी सकाळी बरीच माणसं जमली होती, पण उंबऱ्याजवळ जायला एकही जण तयार नव्हता. "करणी आहे मॅडम," एकानं मला फुकटची माहिती पुरवली. "लेकरावर केलीय."

मी मोहिनी शेवाळे, सहायक पोलीस निरीक्षक. करणीबिरणीवर माझा विश्वास नाही. तलवारी, कोयते, गावठी कट्टे, सगळं हाताळून झालंय. तरी खरं सांगते, त्या विळ्याला हात लावायच्या आधी मीही जरा थांबले. कोयता नाचवणाऱ्या पोराला काय हवंय ते कळतं. घरातली रोजची वस्तू कुणी मुकाट्यानं दाराशी आणून ठेवली, की काहीच कळत नाही.

घरात चार जीव होते. दिनेश, तोफखान्यात हवालदार, उत्तरेकडच्या सीमेवरून बारशासाठी रजेवर आलेला. त्याची बायको वैष्णवी. सुनेच्या बाळंतपणासाठी सिन्नरकडच्या खेड्यातून आलेली त्याची आई अक्काबाई. आणि महिन्याचा मुलगा, ज्याला अजून नाव नव्हतं. लग्नाला किती वर्षं झाली हे विचारायची गरज पडली नाही. गल्लीनं ते मला बाहेरच सांगितलं होतं. देव्हारे झाले, नवस झाले, शेवटी गंगापूर रोडच्या डॉ. गोरवाडकरांच्या उपचारांना यश आलं.

"हे तिसऱ्यांदा आहे," दिनेश म्हणाला. "आधी काळ्या दोऱ्यात ओवलेला वेखंडाचा तुकडा. मग नाचणीची पुरचुंडी. आता हे. तुम्ही त्या नर्सला उचला मॅडम. नूरबानो. क्लिनिकमधून काढून टाकलीय तिला, डॉक्टरांचाही तिच्यावरच संशय आहे."

अक्काबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात रडून लाल. "कुणाची नजर लागली वो बाई? पाचवीला मी समदं रीतीनं केलं. पाटावर सटवाई मांडली, कोरा कागद ठिवला, बोरू ठिवला, विळा ठिवला, दिवा इझू दिला नाय. तरी बी ह्ये."

वैष्णवी खोलीच्या पार कोपऱ्यात, दारापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसली होती. बाळ छातीशी धरलेलं, हातात दुधाची बाटली. अक्काबाई चहा टाकायला आत गेल्या तशी ती हळूच म्हणाली, "ते बाळाला न्यायला आलेत."

"कोण?"

"माहीत नाही. पण पहिल्या दिवसापासून मला वाटतंय, कुणीतरी दारात येणार आणि म्हणणार, आण इकडे."

"बाळंतपणानंतर बायकांना वाटतं तसं," दिनेश घाईनं म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय."

बाळानं पाय झाडले. दुपट्यातून एक पाऊल बाहेर आलं. तळपायावर काळपट फुली होती, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी.

"जन्मखूण," वैष्णवी म्हणाली आणि पहिल्यांदाच जरा हसली. "ह्यांच्या वडिलांच्या पायालाही अशीच होती म्हणे. बाळाच्या पहिल्या फोटोतसुद्धा दिसते." तिनं मोबाइल पुढे केला. जन्मल्या जन्मल्या काढलेला, दोन गुलाबी तळपायांचा फोटो. तोच तिनं व्हॉट्सअ‍ॅपलाही, सगळीकडे लावला होता.

डागाचं मला कौतुक नाही. माझ्याही बेंबीशेजारी एक आहे, आईनं लहानपणी ठेवलेला. मी बाहेर आले, द्रोण उचलला आणि नाकाजवळ नेला. दूध पातळ होतं, निळसर झाक असलेलं, किंचित गोडुस वासाचं. मी दोन मुली पाजल्यात. हा वास मला ओळखीचा होता.

ते गाईचं दूध नव्हतं आणि म्हशीचंही नव्हतं.

२

म्हणजे या गल्लीत पहाटे एक बाई येत होती, जिला पान्हा होता आणि पाजायला मूल नव्हतं. येताना ती विळा घेऊन येत होती. त्या दिवशी एका शिपायाला गल्लीच्या तोंडाशी बसवलं, तरी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

गल्लीचा संशय जावेवर होता. दिनेशची वहिनी, तृप्ती. वारस आला की शेताचा अर्धा वाटा जाणार, हे कारण सगळ्यांना तोंडपाठ. मी सिन्नरला गेले तेव्हा ती कांदे निवडत बसली होती. हातातलं काम तिनं थांबवलं नाही.

"मला करणी करायची असती ना मॅडम, तर विळा नसता घालवला. कांद्याला लागतो तो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला राग आहे तो वेगळ्याचा. डोहाळजेवण करते म्हटलं, नको. पोटावर हात ठेवू दे म्हटलं, नको. डॉक्टरांची मनाई. शेवटचे महिने तर कुणाला खोलीतच घेतलं नाही. मी काय चेटकीण आहे? माझी दोन्ही पोरं शाळेत जातात, मला कशाला कुणाचं पोर बघवणार नाही?"

तिची पोरं शाळेत जात होती, म्हणजे दूध तिचं नव्हतं. मी तिचं नाव मनातून खोडलं आणि निघताना तिनं बळंच दिलेले कांदे घेतले.

डॉ. अमित गोरवाडकर मला लगेच भेटले. मधाळ बोलणं, थंडगार केबिन. मागची अख्खी भिंत फोटोंनी भरलेली. कुठल्याही बाळाचा चेहरा नाही, फक्त पावलं. जोडी-जोडीनं, चौकटीत.

"चेहरे लावले तर पेशंटची ओळख उघड होते," ते म्हणाले. "पावलांना नाव नसतं."

"वैष्णवीच्या बाळंतपणात काही वेगळं घडलं होतं?"

"फार नाजूक केस. अनेक प्रयत्न फसले होते. म्हणून सोनोग्राफी इथेच, इंजेक्शनं इथेच, दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढायची नाही, अशी माझी शिस्त. अचानक कळा आल्या, रात्रीत भूल देऊन सिझेरियन केलं. नूरबानोला मी बेशिस्तीसाठी काढलं. ती सूड घेतेय. गरीब बिचाऱ्या आईला घाबरवतेय."

"ठीक आहे. तिचा पत्ता द्या."

पत्ता लिहिता लिहिता ते म्हणाले, "आणि मॅडम, बाळ त्यांचंच आहे. त्यात अजिबात शंका नको."

मी दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. विळ्याबद्दल विचारलं होतं, नर्सबद्दल विचारलं होतं. बाळ कुणाचं, हे मी विचारलंच नव्हतं.

३

नूरबानो आता सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स होती, बायकांच्या वॉर्डात. खाटा भरलेल्या, खाटांच्या मधे सतरंज्या, सतरंज्यांवरही बायका. ती मला जिन्याखाली घेऊन गेली. गणवेश बघूनच तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"विळा तू ठेवलास?"

"तौबा! मी कशाला? मॅडम, माझ्या घरात विळा नाही, भाजी सुरीनं कापते मी."

ते पटण्यासारखं होतं. तरी मी तिला सोडलं नाही. "त्या दिवशी ऑपरेशनला तू होतीस?"

"मला बाहेर बसवलं होतं. आत सर आणि भूलवाले डॉक्टर, बस. मग सरांनी बाळ हातात दिलं. बोलले, साफ कर आणि पावलांचा फोटो काढ, बापाला पाठवायचाय. मी काढला." ती थांबली. "मॅडम, पुढे विचारू नका. माझ्या अम्मीला मी एकटीच आहे. सर बोलले होते, तोंड उघडशील तर तुझंच नाव पुढे करीन. सही तुझी आहे, बाळ तुझ्या हातात होतं."

"मग काढलं का तुला?"

"मी विचारलं होतं, बाळाचं नाळेचं टोक इतकं सुकलेलं कसं. एवढंच विचारलं होतं."

वॉर्डातून कुणीतरी कण्हलं. नूरबानोनं चटकन तिकडे बघितलं आणि तितक्याच चटकन नजर काढून घेतली. दाराजवळची एक खाट मोकळी होती, चादर चुरगळलेली, उशाशी नाचणीची भाकरी फडक्यात बांधलेली.

"ही खाट कुणाची?"

"कला. सुरगाण्याकडची आहे, द्राक्षाच्या मळ्यात कामाला आलेली. बाळ गेलं तिचं. दूध छातीत साचून गाठ झाली, चिरा द्यावा लागला. दोनदा भरती झाली." ती नखं कुरतडत होती. "सासू असते सोबत. दोघी पहाटे उठून कुठंतरी जातात. ड्रेसिंगच्या वेळेला परत येतात. आज अजून आल्या नाहीत."

जिन्याखालीच उभं राहून मी वैष्णवीनं लावलेला तो फोटो उघडला आणि मोठा केला. डाव्या तळपायावरची फुली. काळी, मधे कोरडी. कडेला पातळशी खपली सुटत आलेली.

जन्मखुणेला खपली नसते.

मी नकळत माझ्या बेंबीशेजारी हात नेला. तेवढ्यात मोबाइल वाजला. वैष्णवीचा होता. ती ओरडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मॅडम," ती म्हणाली, "पाळणा रिकामा आहे."

४

सरकारी गाडीतून मी वाटभर देवाचं नाव घेत गेले. दिवेलागण होत आली होती. डोळ्यांपुढे सारखा तो विळा येत होता. तो तर ठाण्यात जप्त होता, हे आठवूनही येत होता. चुकले असेन तर? पान्हा फुटलेली आणि डोकं फिरलेली बाई काय करेल, याचा नेम नसतो.

गल्लीच्या तोंडाशी बसवलेला शिपाई चहाला गेला होता. त्याच्याशी नंतर बोलले मी.

घरात दिनेश माजघर उलटंपालटं करत होता. वैष्णवी मागच्या दारात उभी होती, चौकट घट्ट धरून. ती आवाज न करता अंगणाकडे बघत होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

चिंचेखाली एक तरुण बाई मांडी घालून बसली होती. छातीला पट्टी, आणि पट्टी नसलेल्या बाजूला बाळ. ते पीत होतं. घोटाघोटाचा आवाज दारापर्यंत येत होता. शेजारी एक म्हातारी उकिडवी बसून त्याच्या पावलावर हात फिरवत होती. आणि त्या दोघींपाशी, पाट टाकून, अक्काबाई बसल्या होत्या.

दिनेश पुढे धावला. अक्काबाईंनी हात आडवा केला. "थांब. म्याच दिलं."

"आई! तू?"

"पोर भुकेनं कळवळत व्हतं, बाटली तोंडात घेईना. ही दारात आली, लुगडं भिजलेलं. दूध असलेली बाई दारात आली आन् पोर उपाशी ठिवू? मला दिसतंय कमी, पर ऐकू येतंय. बघ कसं प्यायलंय."

दिनेशनं माझ्याकडे बघितलं. "मॅडम, अटक करा ह्यांना. ह्यांनीच विळा ठेवला."

"हो, ह्यांनीच ठेवला," मी म्हणाले. "पण तुम्ही सगळे खाली बसा आधी. मला काही विचारायचंय. आजी, विळा दाराशी कसा ठेवला होता?"

म्हातारी, कलाची सासू, कुसाबाई तिचं नाव, माझ्या गणवेशाला घाबरून आधी मागे सरकली. मग म्हणाली, "पातं भायेर. भायरून येल त्याला लागावा म्हनून. पोराची राखन."

"धमकी द्यायची असती तर पातं घराकडे असतं," मी म्हणाले. "हे मला सकाळीच कळायला हवं होतं. पाचवीला बाळापाशी विळा ठेवतात, तो कुणाला मारायला नव्हे. अक्काबाईंनी स्वतः ठेवला होता. वेखंड बाळाच्या पोटदुखीला, नाचणी बाळंतिणीच्या पेजेला. ह्यात करणी कुठेच नव्हती. कुणीतरी लांबून बाळंतपण करत होतं."

वैष्णवी दारातून हलली नव्हती.

"आता ती फुली," मी म्हणाले. मी बोलत होते आणि मला पुढचं वाक्य बोलायचं नव्हतं. "अक्काबाई, बाळाच्या तळपायाला काय आहे?"

"बिब्बा," अक्काबाई लगेच म्हणाल्या. "बोटाला लागतोय की. दवाखान्यातल्या आयानं लावला आसंल, न्हाईतर वैष्णवीच्या म्हायेरच्या कुणी. म्या इचारलं नाय."

त्या घरात हेच झालं होतं. वैष्णवीनं जन्मखूण समजून कौतुक केलं. अक्काबाईंनी माहेरच्यांनी लावला असेल म्हणून विचारलं नाही. विहिणींच्या रीतीत कोण नाक खुपसतं? आणि क्लिनिकमधल्यांनी बाळाच्या अंगावरचं काजळ पुसलं असेल, कमरेचा दोरा कापला असेल, पण बिब्बा त्यांनी कधी बघितलाच नव्हता. त्यांनाही ती खूणच वाटली.

"बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की कातडी जळते," मी म्हणाले. "आधी फोड येतो. मग तो सुकतो, खपली धरतो, आणि डाग राहतो. धुऊन जात नाही. माझ्या पोटावरचा अजून आहे. वैष्णवी, तुझ्या फोटोत ती खपली सुटत आलीय. तो फोटो बाळ जन्मल्या जन्मल्या काढला, असं तुला सांगितलं. पोटातल्या बाळाला बिब्बा कोण लावणार?"

म्हातारीनं बाळाचं पाऊल मुठीत धरलं.

"आमी लावला," कुसाबाई म्हणाली. "पाचवीला. हिची आधीची दोन गेली, म्हनून तळपायाला. आमच्याकडं तसा करतात. मंग पोराला सर्दी झाली. गंगापूर रोडच्या डाक्टरच्या शिबिराची गाडी आली मळ्यावर. म्हनाले, काचेच्या पेटीत ठेवतो. सांजच्याला निरोप दिला, गेला. तोंड पन नाय दाखवला. चौकीत गेलो, तर म्हनाले, मेल्या पोराची तक्रार नसते."

ते कुठल्या चौकीत म्हणाले हे मी विचारलं नाही. माझ्याच खात्यात म्हणाले, एवढं पुरे होतं.

"इथला पत्ता कुणी दिला?"

तिनं बाळाच्या पावलावर पदर ओढला. सांगायची गरजही नव्हती. सरकारी वॉर्डात म्हातारी दिवसभर एकच रडत बसायची, आमच्या पोराच्या तळपायाला फुली होती म्हणून. आणि त्याच वॉर्डात त्या फुलीचा फोटो काढणारी बाई ड्रेसिंग बदलत होती. पोलिसांकडे यायला नूरबानो घाबरली. पण पत्ता दिल्याशिवाय तिला राहवलं नाही.

"म्या घातली की पाचवी," अक्काबाई पुटपुटल्या. "सटवाई मांडली. कागद ठिवला."

"ती दुसरी पाचवी होती, अक्काबाई."

तेव्हा वैष्णवी बोलली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "मॅडम, मग माझ्या पोटात कोण होतं?"

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"डॉक्टर विचारायचे, हलतंय का? मी हो म्हणायचे. हो म्हणणं किती सोपं असतं. ठोके ऐकवायचे मशीनवर. पोट वाढलं होतं हो माझं." तिनं पदराखाली हात नेला. "हे टाके तर खरे आहेत ना?"

"टाके खरे आहेत," मी म्हणाले. "इंजेक्शनांनी पाळी थांबते, अंग सुजतं, गरोदरपणाची तपासणीसुद्धा खोटं सांगते. आणि दुसऱ्या कुणा डॉक्टरला दाखवायची तुला बंदी होती. एकच गोष्ट राहते. दिनेशराव, वडिलांच्या कुठल्या पायाला होती खूण?"

दिनेशचा चेहरा उतरला.

"कसली खूण?" अक्काबाईंनी मान वर केली. "त्येंच्या पायाला? लकवा झाल्यापास्नं शेवटपत्तूर म्या रोज पाय धुतले त्येंचे. तीळ बी नव्हता."

"बाळाच्या पायावर डाग बघून कुणीही बाप म्हणतो, असेल काहीतरी," मी म्हणाले. "मेलेल्या बापाच्या पायावर तसाच डाग रंगवत नाही. ते फक्त एकच माणूस करतो. ज्याला माहीत आहे की मूल आपलं नाही, आणि बायकोनं तो प्रश्न विचारू नये असं ज्याला वाटतं."

तो फौजी माणूस तिथेच अंगणात खाली बसला.

"शेवटचा प्रयत्न फसला तेव्हा ही दारणेच्या पुलावर जाऊन उभी होती," तो म्हणाला. "मला ड्यूटीवर फोन आला होता शेजाऱ्यांचा. डॉक्टर म्हणाले, हिला कधीच होणार नाही. दत्तक म्हटलं तर ही जेवण सोडायची. डॉक्टर म्हणाले, एक पोरगी आहे, लग्न नाही झालेलं, तिला मूल नकोय. सगळ्यांचं भलं होईल. चोरलेलं असेल हे मला माहीत नव्हतं, आईशप्पथ माहीत नव्हतं."

"आणि माझं पोट?" वैष्णवीनं विचारलं.

त्यानं तोंड झाकून घेतलं. हातांच्या आडून शब्द आले. "टाके पडले नाहीत तर तिला पटणार नाही, म्हणाले डॉक्टर."

५

गोरवाडकरला आम्ही त्याच संध्याकाळी, केबिनमध्येच धरलं. कागदपत्रं व्यवस्थित होती, सगळी. दिनेशही आमच्या गाडीत बसला, न सांगता.

मूल चोरल्याचं कलम आहे. गर्भ विकला तर त्याला नवा कायदा आहे. पण नसलेला गर्भ पोटात आहे असं सांगून एका बाईला नऊ महिने फसवायचं आणि शेवटी तिचं पोट चिरायचं, याला काय लावायचं यावर आमचे साहेब आणि सरकारी वकील दुसऱ्या दिवशी दुपारभर बोलत होते. फसवणुकीचं कलम लागलं. एकच प्लॉट दोघांना विकणाऱ्याला आम्ही तेच लावतो. दुखापतीचंही लागलं. मला संताप येत होता आणि तो कुठं ओतावा ते कळत नव्हतं. त्याचा वकील म्हणत होता की हा वैद्यकीय निष्काळजीपणा आहे.

पाप खासगी दवाखान्यानं केलं आणि निस्तरत होतं सरकार. कलाच्या छातीचं गळू सरकारी खाटेवर, वैष्णवीच्या चिघळलेल्या टाक्यांचं ड्रेसिंग त्याच वॉर्डात, रक्ताच्या चाचण्या सरकारी. खाट अडल्यामुळे सतरंजीवर निजलेल्या बायकांनीही ती किंमत मोजली, त्यांना कुणी विचारलं नाही.

आणि ती भिंत होती. पंचनाम्याच्या वेळी मी एकेका चौकटीपुढे थांबले. इवलीइवली पावलं, ओळीनं. त्यांतली काही आता शाळेत जात असतील. बहुतेक पावलं स्वच्छ होती. तिसऱ्या ओळीत एका टाचेवर मला काळा ठिपका दिसला. कदाचित सावली असेल. मी अजून रोज स्वतःला सांगते, सावली असेल.

बाळाचा निर्णय बालकल्याण समितीनं रक्ताचा अहवाल आल्यावर दिला. तो मला आधीच माहीत होता, वैष्णवीलाही. अहवाल येईपर्यंत बाळ दवाखान्यातच कलापाशी होतं आणि वैष्णवी रोज ड्रेसिंगला जायची तेव्हा दुरून बघायची. जवळ जायची नाही.

निरोपाच्या दिवशी कला आणि कुसाबाई देवळाली कॅम्पात आल्या. मला भीती वाटत होती म्हणून मीही गेले. दारणेचा पूल काही लांब नाही. अक्काबाई सुनेला एकटी सोडत नव्हत्या. लेकाशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

वैष्णवीनं बारशाला घेतलेलं झबलं, टोपरं, दुपटी, सगळं घडी करून पिशवीत भरून ठेवलं होतं. कलानं पिशवी घेतली. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं बाळच वैष्णवीच्या मांडीवर ठेवलं. वैष्णवीनं तळपायावरच्या फुलीवरून अंगठा फिरवला.

"नाव काय ठेवणार?" तिनं विचारलं.

"ठेवला नाय आजून," कला म्हणाली. "तू काय हाक मारायचीस?"

"मी फक्त बाळा म्हणायचे."

"मंग तसाच म्हनू."

वैष्णवी रडली. पहिल्यांदाच, मोठ्यानं, शेजाऱ्यांची पर्वा न करता. अक्काबाईही रडल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

निघताना कुसाबाईनं मला विळा मागितला. मुद्देमाल म्हणून तो माझ्या ताब्यात होता. आता त्यात गुन्हा उरला नव्हता, म्हणून साहेबांची सही घेऊन मी तो परत द्यायलाच आणला होता. मला वाटलं, नातवाच्या उशाशी ठेवायला नेणार.

तिनं लुगड्याच्या टोकानं पातं पुसलं, उंबऱ्याबाहेर आली आणि वैष्णवीच्या चौकटीला तो टेकवून ठेवला.

"आजी, बाळ तर तुमच्यासोबत चाललंय," मी म्हणाले.

"पोराजवळ त्याची आय हाय," म्हातारी म्हणाली. "हिचा पन पोट चिरलाय. वली बाळंतीन हाय ही. हिला राखन नको?"

गल्लीतले लोक पुन्हा लांबूनच बघत होते. त्या दोघी बाळाला घेऊन बस स्टँडकडे निघाल्या. वैष्णवी दारात उभी राहून त्या वळेपर्यंत बघत राहिली. मग तिनं खाली वाकून विळा थोडा सरळ केला आणि आत गेली.

पातं रस्त्याकडेच होतं.